एका हसऱ्या पुतळ्याची खातेनिहाय चौकशी

मी एक जुना चिनी मातीचा पुतळा आहे. उंची चौदा इंच, डोक्याला टक्कल, उघडं पोट, खांद्यावर पिशवी आणि तोंडभर हसू. मित्रांनो, माझ्या हसण्यावर विसंबू नका. ते साच्यातलं आहे. मला साच्यातून काढलं तेव्हा समोर कोण उभं आहे हेही मला ठाऊक नव्हतं, तरी मी हसत होतो. आतून मी अत्यंत संशयी आहे.

माझा जन्म तैवानमधल्या एका कारखान्यात झाला. माझा पुढचा अर्धा भाग एका साच्यात तयार झाला, मागचा दुसऱ्या साच्यात, आणि मग आम्हा दोघांना ओल्या मातीने चिकटवलं. मागच्या अर्ध्यावर माझा अजून पूर्ण विश्वास नाही. मी त्याला कधी पाहिलेलंच नाही. फळीवर माझ्यासारखे चाळीस जण वाळत होते. चाळीस जण एकाच वेळी एकाच विनोदावर हसत होते आणि विनोद कोणी सांगितलाच नव्हता. ह्यात काहीतरी काळंबेरं आहे, हे मला तेव्हाच कळलं.

पुढे भट्टी झाली, रंग झाला, पेंढा भरलेल्या खोक्यातून समुद्रप्रवास झाला. खोकं उघडलं ते अमेरिकेत, सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाऊनमधल्या मिसेस चिन ह्यांच्या दुकानात. त्यांनी माझ्या मानेवर एक लेबल अडकवलं. त्यावर लिहिलं होतं, 'हॅपी बुद्धा'. मला कोणी विचारलं नाही. मी हॅपीही नव्हतो आणि दुसऱ्या शब्दाबद्दल मला काही सांगता येण्यासारखं नव्हतं.

दुकानात मी पंधरा वर्षं काढली. येणारा प्रत्येक प्रवासी माझं पोट चोळायचा. त्याने नशीब उघडतं म्हणे. कोणाचं उघडलं ते सांगायला एकही परत आला नाही, पण माझ्या पोटावरची चकाकी मात्र गेली. मग एकोणनव्वद साली मोठा भूकंप झाला. माझ्या फळीवरचं सगळं खाली आलं, ड्रॅगन फुटले, किटल्या फुटल्या, मी एकटाच जागचा हललो नाही. दुसऱ्या दिवसापासून मिसेस चिन मला 'भूकंपातून वाचलेला' म्हणून दाखवू लागल्या. लोक माझे फोटो काढू लागले. खरी गोष्ट अशी होती की माझ्या बुडाला कोणीतरी च्युइंगम चिकटवलं होतं. पण प्रसिद्धी मिळत असताना कोण बोलतो?

प्रसिद्धी दोन वर्षं टिकली. नंतर माझ्यासमोर घडीच्या कागदी पंख्यांचा ढीग आला आणि मी त्याच्यामागे गेलो. पाच वर्षं मी पंख्यांच्या पाठी बघत होतो.

मित्रांनो, आता माझ्या आयुष्यातली मुख्य माणसं येतात. एकोणीसशे शहाण्णवचा सप्टेंबर होता. दूर उत्तरेकडच्या बेलव्ह्यू शहराहून दोन दिवस गाडी चालवून एक मराठी कुटुंब सॅन फ्रान्सिस्को बघायला आलं होतं. प्रितम हा सॉफ्टवेअरवाला, त्याची बायको सुजाता, त्यांची नऊ वर्षांची मुलगी उपासना, आणि प्रितमचे वडील जगन्नाथराव. जगन्नाथराव नागपूरचे. सरकारी खात्यात चौकशी अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. एवढ्या उन्हात गळ्यात मफलर, खिशात दोन पेनं आणि काखेत काळी डायरी. पंख्यांच्या फटीतून त्यांना पाहताक्षणी मला बरं वाटलं. इतका संशयी चेहरा मी आरशाबाहेर पहिल्यांदाच पाहत होतो, आणि आरशात तर मी हसतोच.

पंख्यांच्या मागे हात घालून मला बाहेर काढलं ते उपासनाने.

"आजोबा, लुक! ही इज सो हॅपी!"

जगन्नाथरावांनी चष्मा पुसला. "हा कोणावर हसून राहिला?"

"एव्हरीबडीवर," उपासना म्हणाली. मग तिने लेबल वाचलं. "आजोबा, हा बुद्ध आहे! लिहिलंय."

"लिहिलेलं सगळं खरं असतं तर माझी नोकरी कशाला लागली असती?"

मग उपासनाने एक वाक्य टाकलं. "इफ ही कम्स होम, आय विल सिट. तुमच्यासोबत. प्रेअरला."

ह्या वाक्याचं वजन मला सुजाताच्या चेहऱ्यावरून समजलं. जगन्नाथराव सहा महिन्यांसाठी अमेरिकेत आले होते. येताना बुद्धांची आणि बाबासाहेबांची फ्रेम कपड्यांत गुंडाळून आणली होती. बेलव्ह्यूच्या घरात रोज सकाळी त्या फ्रेमसमोर ते मेणबत्ती लावून वंदना म्हणायचे. प्रितमला ऑफिस असायचं, सुजाता जमेल तशी बसायची, उपासना एकदाही बसली नव्हती. "इट्स बोअरिंग," एवढंच म्हणायची. येत्या रविवारी त्यांचं परतीचं विमान होतं. आपण गेलो की ह्या घरात ती मेणबत्ती कोण लावणार, ही एकच काळजी त्या माणसाला होती, आणि नातीने आता तिची किंमत सांगितली होती: मी.

"बाबा, घेऊन टाकू ना," प्रितम म्हणाला. "बुद्ध तर बुद्ध. तिला आवडलाय."

"बुद्ध तर बुद्ध?" जगन्नाथराव म्हणाले. "भगवान बुद्धांची बत्तीस लक्षणं सांगितली आहेत. त्यात हे पोट कुठे बसतं? आणि हा बुद्ध नसेल, तर मी नातीला पहिल्यांदा वंदनेला बसवणार कोणासमोर? ज्याचं नावगाव माहीत नाही अशा इसमासमोर?"

मग त्यांनी मला उलटं केलं. मित्रांनो, पंधरा वर्षांत हजारो लोकांनी माझं पोट चोळलं, पण माझं बूड तपासणारा हा पहिला माणूस. त्यांनी पेनाच्या टोकाने खरवडलं आणि डायरीत लिहिलं: 'बुडाशी च्युइंगम, जुने. भूकंपाचा चमत्कार निकाली.' माझी उरलीसुरली प्रसिद्धी एका ओळीत संपली.

त्यांनी मिसेस चिन ह्यांची साक्ष तिथेच घेतली. जगन्नाथरावांचं इंग्रजी फायलीतलं होतं. "मॅडम, ह्या व्यक्तीचा तपशील सादर करावा."

"लकी गॉड," मिसेस चिन म्हणाल्या. "पोट चोळा. धंदा चांगला होतो."

"तुमचा चांगला आहे?"

"नाही."

"मग?"

"लोक पोट चोळतात आणि निघून जातात."

जगन्नाथरावांनी हे शब्दशः लिहून घेतलं. साक्षीदार प्रामाणिक पण हितसंबंधी, असा शेरा मारला. मग म्हणाले, जाणकार माणूस हवा. योगायोगाने त्या दिवशी दुपारी त्यांची चायनाटाऊनची पायी सहल ठरलेली होती आणि वाटाड्या तिथलाच होता, वॉल्टर लुम नावाचा. तीस वर्षं ह्याच गल्ल्यांत त्याने टपाल वाटलं होतं. निवृत्त झाल्यावर तो लोकांना गल्ल्या दाखवायचा. जगन्नाथरावांनी ठरवलं, मला बरोबर न्यायचं. आरोपी हजर नसताना चौकशी चालवली तर ती वरच्या पातळीवर टिकत नाही, असं त्यांचं म्हणणं.

मिसेस चिन म्हणाल्या, पैसे दिल्याशिवाय पुतळा बाहेर जाणार नाही. जगन्नाथराव म्हणाले, निकाल लागण्याआधी पैसे देणं म्हणजे निकाल देणं. दोघंही एकमेकांकडे संशयाने बघत राहिले. शेवटी जगन्नाथरावांनी प्रितमला पुढे केलं.

"हा माझा मुलगा. हा इथे राहील. मी पुतळा परत आणला की ह्याला सोडा."

"बाबा, अहो, मी सीनिअर इंजिनिअर आहे!"

"म्हणूनच. कमी दर्जाचा जामीन त्या घेणार नाहीत."

मिसेस चिन ह्यांनी प्रितमला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, होकार दिला आणि त्याच्या हातात पिसांचा झाडू दिला.

अशा रीतीने मी पंधरा वर्षांनी पहिल्यांदा रस्ता पाहिला. जगन्नाथरावांनी मला मफलरमध्ये गुंडाळून छातीशी धरलं होतं, फक्त डोकं बाहेर. येणारेजाणारे मला बघून हसायचे, मग जगन्नाथरावांचा चेहरा बघून हसणं आवरायचे. लुमसाहेब पुढे चालत गल्ल्यांची माहिती देत होते. छपराचे कोपरे वर का वळलेले, दुकानाबाहेर संत्री का ठेवलेली, कोणत्या गच्चीवर कोणत्या गावच्या लोकांची संस्था. जगन्नाथराव प्रत्येक वाक्यानंतर "आधार काय?" असं विचारायचे. तीन वेळा विचारल्यावर लुमसाहेब थांबले.

"सर, मी तीस वर्षं पत्ता बघितल्याशिवाय एक पत्र टाकलेलं नाही. मला जे माहीत नाही ते मी माहीत नाही असंच सांगतो."

जगन्नाथरावांनी दुसरं पेन काढलं. हा त्यांचा आदर होता.

चौकातल्या बाकावर बसून लुमसाहेबांनी साक्ष दिली. "हा गौतम बुद्ध नाही. ते नाव इथल्या दुकानदारांनी लावलं. हजारएक वर्षांपूर्वी चीनमध्ये एक फिरता भिक्खू होता, त्याची ही मूर्ती. घर नाही, दार नाही. खांद्यावर कापडी पिशवी. कोणी काही दिलं की थोडं खायचा, उरलेलं पिशवीत. भेटेल त्या पोराला त्यातलं द्यायचा. पिशवीवरूनच त्याला नाव पडलं, बुदाई."

"भिक्खू?" जगन्नाथरावांचं पेन थांबलं. मलाही हे नवीन होतं. पंधरा वर्षं मी स्वतःला दिवाणखान्याची शोभा समजत होतो.

"आणि हे पोट?"

"आमचे म्हातारे सांगतात, ज्याचं पोट मोठं तो लोकांचं सगळं सामावून घेतो. राग, अपमान, मूर्खपणा."

"बाबा, आपल्याकडे नाही का म्हणत, चूक झाली, पोटात घाला," सुजाता म्हणाली. "तेच आहे."

जगन्नाथराव विरघळू लागले होते. मी बघत होतो. 'आरोपीची पार्श्वभूमी समाधानकारक' असं त्यांनी अर्धं लिहिलंही. तेवढ्यात लुमसाहेबांनी प्रामाणिकपणे पुढचं सांगितलं. "पुष्कळ लोक मानतात की तो मैत्रेयाचा अवतार होता. पुढे होणाऱ्या बुद्धाचा."

डायरी मिटली.

"अवतार," जगन्नाथराव म्हणाले. "संपलं. चला, प्रितमला सोडवू."

उपासनाने माझ्या डोक्यावर हात ठेवला. "सो ही इज नॉट कमिंग?"

"नाही बेटा."

"बट व्हाय? ही डिडन्ट डू एनीथिंग!"

जगन्नाथराव काही वेळ समोरच्या कबुतरांकडे बघत राहिले. कबुतरांवर त्यांचा काही आरोप नव्हता. मग ते हळू बोलले. "मी वीस वर्षांचा होतो. नागपूरला, छप्पन साली. लाखो माणसं, सगळी पांढऱ्या कपड्यांत. त्या गर्दीत उभं राहून मी बावीस प्रतिज्ञा घेतल्या. त्यातली एक अशी की देवाचे अवतार मी मानणार नाही. माझी आई बाजूला उभी होती. तिला लिहिता येत नव्हतं, पण बावीसच्या बावीस तिने मोठ्याने म्हटल्या. मी चाळीस वर्षं त्यातली एकही मोडली नाही. आता तू बसावंस म्हणून मोडू? मग तुला कोणत्या तोंडाने बसवू?"

उपासनाने मफलरचं सुटलेलं टोक पुन्हा माझ्याभोवती गुंडाळलं. मग म्हणाली, "तुम्ही हे मला कधी सांगितलंच नाही."

"तू विचारलं नाहीस."

"यू नेव्हर स्टॉप्ड प्रेइंग! मी कधी विचारणार?"

सुजाता दुसरीकडे बघू लागली. जगन्नाथरावांनी मिटलेली डायरी पुन्हा उघडली आणि हे वाक्य शब्दशः लिहून घेतलं. लुमसाहेबांना मराठी येत नव्हतं, पण पोस्टमनला बंद पाकिटातलंही थोडं कळतं. ते म्हणाले, "सर, अजून एक साक्षीदार आहे. देवळातली फाँग आजी. मी सांगितलं ते ऐकीव आहे, ती मात्र रोज ह्याच्यासोबत असते."

देऊळ एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर होतं. लाकडी जिना, उदबत्तीचा वास. जगन्नाथराव मला घेऊन चढले, दर मजल्यावर थांबले, मला मात्र कोणाकडे दिलं नाही. वर पोचलो. दारातच, जिन्याकडे तोंड करून, मी बसलो होतो. म्हणजे माझ्यासारखाच, पण तीन पट मोठा, लाकडी, काळसर. तोही हसत होता. आम्ही एकमेकांकडे बघून हसलो आणि दोघांनीही एकमेकांवर विश्वास ठेवला नाही.

आतून एक बुटकी म्हातारी फडकं घेऊन आली. ह्याच त्या फाँग आजी. मफलर घातलेला अनोळखी माणूस छातीशी पुतळा लपवून उभा आहे, हे बघून त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे आत जाऊन आपले सगळे पुतळे मोजले. पूर्ण भरले तेव्हा परत आल्या आणि तरीही माझ्याकडे रोखून बघत राहिल्या. जगन्नाथराव खूष झाले. "बाई कामाची आहे," ते सुजाताला म्हणाले.

आजींना फक्त चिनी येत होतं. लुमसाहेब मध्ये उभे राहिले.

"विचारा, हा अवतार आहे का?"

आजींनी लाकडी पुतळ्याच्या टकलावरून फडकं फिरवलं. "मी तीस वर्षं ह्याला पुसते. त्याने अजून मला सांगितलेलं नाही."

"तुम्ही त्याच्यासमोर प्रार्थना करता?"

"करणारे करतात. मी त्याला गुड मॉर्निंग म्हणते."

"मग हा इथे दारात का?"

आजींनी जगन्नाथरावांच्या कपाळाकडे बोट केलं. लुमसाहेबांनी जरा संकोचत भाषांतर केलं. "त्या म्हणतात, हे असं कपाळ घेऊन लोक जिना चढतात. आठ्या घेऊन आत बसलं तर काही ऐकू येत नाही. म्हणून आमच्याकडे जुन्या काळापासून ह्याला दारात बसवतात. आठ्या ह्याच्याकडे ठेवायच्या आणि आत जायचं. बुद्ध आत आहेत."

आणि खरंच, आत, खोलीच्या दुसऱ्या टोकाला, अर्धवट अंधारात, डोळे मिटलेले, शांत बुद्ध बसले होते. पोट सपाट.

जगन्नाथराव दारातच उभे राहिले. एकदा आत बघितलं, एकदा लाकडी पुतळ्याकडे, एकदा माझ्याकडे. मग जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून त्यांनी निकाल लिहिला आणि उभं राहून वाचून दाखवला.

"आरोपी बुद्ध नाही. आरोपीने तसा दावा कधीही केलेला नाही, दावा लेबलाचा आहे. आरोपी भिक्खू होता असे दिसते. अवतार असल्याचा पुरावा नाही. सबब आरोपीस दोषमुक्त करून बेलव्ह्यू येथील घराच्या दारात नेमणूक देण्यात येत आहे. त्यास वंदन केले जाणार नाही. त्याचे पोट चोळले जाणार नाही. धूळ पुसली जाईल."

मग नातीकडे वळून म्हणाले, "हा येईल. पण दारात. तू बसायचं ते आत. ह्याच्यासाठी नाही, आणि माझ्यासाठीही नाही. नाही वाटलं तर नको बसू. तरी हा येईल."

मला संशय आला. अट न घालता काही देणारा अधिकारी मी ऐकला नव्हता.

"ओके," उपासना म्हणाली. बसेन असं ती म्हणाली नाही.

दुकानात परतलो तेव्हा प्रितमने चार पंखे आणि एक ड्रॅगन विकला होता आणि मिसेस चिन त्याला सोडायला तयार नव्हत्या.

बेलव्ह्यूच्या घरात मला दारापाशी, चपलांच्या शेजारी एका स्टुलावर बसवलं. तिथून आतली खोली दिसत नाही, फक्त ऐकू येते. रविवार उजाडला. सामानाच्या बॅगा माझ्यासमोर रांगेत उभ्या होत्या. आत आगकाडी ओढल्याचा आवाज आला. वंदना सुरू झाली. मी आवाज मोजू लागलो. जगन्नाथरावांचा एक. सुजाताचा दोन. प्रितमचा, चुकत चुकत, तीन. चौथा नव्हता.

मित्रांनो, संशय खरा ठरला की संशयी माणसाला बरं वाटतं असा समज आहे. तो खोटा आहे.

पहिली गाथा संपली. दुसरी सुरू झाली. जगन्नाथराव नेहमीच्या वेगाने म्हणत होते, चाळीस वर्षं पाठ असलेला माणूस म्हणतो तसं, घाईत नाही पण कोणासाठी न थांबता. मग मध्येच एक बारीक आवाज आला.

"आजोबा, स्लो डाऊन. आय कान्ट कॅच इट."

आत सगळं थांबलं.

"बाबा, एअरपोर्टला निघायला हवं," प्रितम म्हणाला.

"निघू," जगन्नाथराव म्हणाले. आणि पहिल्या शब्दापासून पुन्हा सुरुवात केली. एक शब्द ते म्हणायचे, मग थांबायचे, मग तो बारीक आवाज म्हणायचा. खूप वेळ लागला. बाहेर पडताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांच्या कपाळावर आठी नव्हती, हे मात्र मी पाहिलं.

आज मी तीन वर्षं नोकरीत आहे. काम सोपं नाही. पावसाळी कोट माझ्या डोक्यावर टांगतात, फुटबॉल एकदा कानाला लागून टवका उडाला, आणि कुरिअरवाला अजूनही लपून माझं पोट चोळतो. मागच्या महिन्यात उपासनाची मैत्रीण आली आणि मला बघून ओरडली, "इज दॅट बुद्धा?"

"नो," उपासना बूट काढत म्हणाली. "ही वर्क्स हिअर."

तर मित्रांनो, कोणत्याही वस्तूवर, माणसावर, लेबलावर खुशाल संशय घ्या. पण तो घरी कुजवत ठेवू नका. चार जिने चढा आणि ज्याला माहीत आहे त्याला विचारा, आणि तो 'मला माहीत नाही' म्हणाला तर तेही लिहून घ्या. मग त्या बिचाऱ्याला त्याची जागा द्या आणि आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसा. कोरड्या फडक्याने चरे पडतात.

आता मला गप्प राहायला हवं. आत आगकाडी ओढली गेली आहे. आज घरात मोठं कोणी नाही. मी आवाज मोजतो आहे. एक.

शब्द सावकाश येत आहेत, प्रत्येक शब्द आधी आजोबांकडून ऐकून मग म्हणत असल्यासारखे.